जुन्या जीपचे सुटे भाग : पैसे कोठे वाचवावेत, कोठे वाचवू नयेत

जुनी जीप बाळगणाऱ्या माणसाला सुट्या भागांच्या दुकानात एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो. दुकानदार विचारतो, "मालक, ओरिजिनल देऊ की लोकल?" आणि दोन डब्या पुढे ठेवतो. आतली वस्तू दिसायला सारखीच. किंमत मात्र एकीची दुसरीच्या दुप्पट-तिप्पट. मागे चार गिऱ्हाइके उभी असतात. गावाकडे गाडी जॅकवर चढवलेली असते आणि मिस्त्री हात पुसत वाट पाहत बसलेला असतो. अशा वेळी माणूस खिशाकडे पाहून ठरवतो. पण खिसा हा ह्या बाबतीत चांगला सल्लागार नव्हे. रिकामा असला तर तो नको तेथे बचत करायला लावतो आणि भरलेला असला तर नको तेथे खर्च.

आधी ह्या गाडीचे मूळ थोडे पाहू. आपल्याकडे जीप आली ती दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वाहन म्हणून. युद्ध संपल्यावर लष्कराने काढून टाकलेल्या जीपा लोकांनी विकत घेतल्या. जुनी माणसे त्यांना 'डिस्पोजलची गाडी' म्हणत. स्वातंत्र्यानंतर महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जातीच्या जीपा जोडायला आणि पुढे परवान्याने येथेच बनवायला सुरुवात केली. उंच बॉनेटची सीजे ३बी ही त्यातलीच. मग डिझेल इंजिने आली, आणि १९८५ साली प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन असलेली एमएम ५४० आली. धरणाच्या कामावर, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात, डोंगरातल्या दवाखान्याच्या दारात ह्या गाड्या वर्षानुवर्षे राबल्या. आमच्या पश्चिम महाराष्ट्रात तर 'वडाप' म्हटले की पुढे-मागे माणसे लटकलेली जीपच डोळ्यांपुढे येते. ही मॉडेले बंद होऊन आता बराच काळ लोटला. पण गाड्या काही संपल्या नाहीत. शेतावर, जंगलवाटेवर, हौशी तरुणांच्या अंगणात त्या अजून आहेत, आणि त्यांना सुटे भाग लागतातच.

आता 'ओरिजिनल' म्हणजे काय, ते समजून घेऊ. पुष्कळांची समजूत अशी असते की, गाडीच्या कंपनीने गाडीतला प्रत्येक खिळा स्वतः घडवलेला असतो. तसे नसते. गाडीची कंपनी कित्येक भाग बाहेरून घेते. ब्रेकचे सामान ब्रेकच्या कारखान्यातून येते, बेअरिंग बेअरिंगवाल्याकडून, क्लच क्लचवाल्याकडून. आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून मोटार कंपन्यांना ओतीव भाग जातात, हे त्या भागातील श्रोत्यांना ठाऊकच आहे. म्हणजे कित्येकदा एकाच कारखान्याची वस्तू दोन डब्यांतून बाजारात येते. एका डबीवर गाडीच्या कंपनीचे नाव, दुसरीवर वस्तू करणाऱ्या कारखान्याचे. दुसरी डबी स्वस्त असते, पण ती हलकी नसते.

ह्याचे सर्वांत सोपे उदाहरण चाकाच्या बेअरिंगचे. विलीज नमुन्याच्या जीपच्या पुढच्या चाकात निमुळत्या रोलरचे बेअरिंग असते. त्याचे दोन तुकडे, कोन आणि कप. कोनवर १८५९० आणि कपावर १८५२० असा आकडा असतो. हा आकडा काही जीपचा नव्हे, बेअरिंगच्या मापाचा आहे. जगात कोणत्याही नामांकित कारखान्याने ह्या आकड्याचे बेअरिंग केले, तरी ते ह्याच मापाचे होणार. तेव्हा जीपच्या कंपनीचा डबा मिळाला नाही म्हणून हळहळण्याचे कारण नाही. आपल्या गाडीतून निघालेल्या बेअरिंगवरचा आकडा पुसून वाचावा, कागदावर लिहून न्यावा आणि नावाजलेल्या बेअरिंग कारखान्याचा माल त्या आकड्यावर मागावा. जुनाच तुकडा खिशात घालून नेला तर अधिक चांगले.

म्हणून दुकानदाराच्या प्रश्नाला आपण उलट प्रश्न करावा : "शेठ, हे बनवले कोणी?" डबीवर कारखान्याचे नाव-पत्ता असेल तर पुढचे बोलणे. नुसते 'बेस्ट क्वालिटी' छापलेली, बापाचे नाव नसलेली डबी असेल, तर ती घ्यायची की नाही हे ठरवायला दुसरी कसोटी लागते.

ती कसोटी अशी. हा भाग चालत्या गाडीत मोडला तर काय होईल? आणि मोडण्यापूर्वी तो काही सांगेल का? काही भाग भले असतात. फॅन बेल्ट सैल झाला की किंचाळतो. कमानपाट्याचे एखादे पान तुटले की गाडी एका अंगाला कलते, पण घरापर्यंत येते. रेडिएटर गळू लागला की खाली ओल दिसते. काही भाग मात्र अबोल. ते काल ठीक असतात, आज सकाळी ठीक असतात आणि घाटाच्या तिसऱ्या वळणावर नसतात. गंमत अशी, की हे अबोल भाग बहुतेक लहान आणि मुळातच कमी किमतीचे असतात. त्यांत बचत करून हाती चार पैसेच उरतात. ब्रेकचे रबर हा त्या अबोल मंडळींचा म्होरक्या होय.

जुन्या जीपचा ब्रेक कसा चालतो ते पाहा. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरमधला दट्ट्या तेल ढकलतो. ते तेल नळ्यांतून चारी चाकांकडे जाते, तेथल्या व्हील सिलिंडरमधले दट्टे बाहेर सरकतात आणि शू ड्रमवर दाबले जातात. तेल दट्ट्याच्या कडेने निसटू नये म्हणून रबराच्या वाट्या बसवलेल्या असतात. आपले मिस्त्री त्यांना 'किट' म्हणतात. नव्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा निम्मा ब्रेक राखतो. जुन्या विलीज जीपमध्ये मार्ग एकच. एका चाकाची वाटी फाटली, की चारही चाकांचा ब्रेक गेला. हँडब्रेक आहे म्हणाल, तर विलीज नमुन्यात तो चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. उभी गाडी धरायला तो ठीक आहे. भरल्या गाडीला उतारावर थांबवण्याचे ते हत्यार नव्हे.

पाटणकडील एका गाडीमालकांचा अनुभव येथे सांगतो. ते माझ्या परिचयाचे आहेत. नाव सांगत नाही. जीपमधून भाजीपाला भरून कुंभार्ली घाटाने चिपळूणला न्यायचा, हा त्यांचा धंदा. एका व्हील सिलिंडरमधून तेल झिरपू लागले म्हणून त्यांनी मास्टर सिलिंडरसह सगळ्या ब्रेकचे किट बदलले. किट घेतले ते बिननावाच्या डबीतले. गाडी बांधणाऱ्या पोऱ्याने सिलिंडर धुतले डिझेलने, आणि न पुसता वाट्या बसवल्या. आठवडाभर गाडी उत्तम चालली. मग पेडल ताठ वाटू लागले. मालक म्हणाले, "बघा, ब्रेक कसा कडक झालाय!" त्यांना ते चांगलेच लक्षण वाटले.

झाले होते असे, की वाट्या फुगल्या होत्या. मास्टर सिलिंडरमध्ये तेल परत टाकीत जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. फुगलेल्या वाटीने ते झाकले, तेल मागे येईना आणि पाय काढला तरी शू ड्रमला घासत राहिले. घाट उतरताना ड्रम तापले, करपल्याचा वास आला. ती उष्णता तेलाला लागली, तेल उकळून त्याची वाफ झाली. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते; म्हणून पेडल एकाएकी तळाला गेले. गाडीत मालक, त्यांचा थोरला मुलगा आणि मागे मालाच्या पाट्यांवर बसलेले दोन हमाल होते. मालकांनी प्रसंगावधान राखून गाडी खालच्या गिअरमध्ये ढकलली आणि डोंगराकडच्या चरात घातली. पुढचे मडगार्ड आणि एक दिवा गेला. मुलाच्या कपाळाला खोक पडली. दरीची बाजू दुसरी होती, एवढेच म्हणायचे.

पुढे दुकानदार म्हणाला, दोष डिझेलचा. मिस्त्री म्हणाला, दोष किटचा. मी तर दोघांनाही मोकळे सोडणार नाही. ब्रेकच्या वाटीचे रबर ब्रेक ऑइलमध्ये टिकेल असेच केलेले असते. डिझेल, रॉकेल, ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागले की चांगल्या कारखान्याची वाटीसुद्धा फुगते. आणि वाटी मुळात कसल्या रबराची आहे हे डबीच सांगत नसेल, तर तिच्याविषयी काय हमी द्यावी? तेव्हा ब्रेकच्या बाबतीत दोन्ही गोष्टी पाळाव्यात. माल ब्रेकच्या नावाजलेल्या कारखान्याचा, आणि धुणे-पुसणे ब्रेक ऑइलने किंवा स्पिरिटने.

शिक्षकमंडळींना येथे एक प्रयोग सुचवतो. दोन काचेच्या बाटल्या घ्या. एकीत ब्रेक ऑइल, दुसरीत डिझेल. गॅरेजमधून दोन नव्या, सारख्या मापाच्या वाट्या आणा. त्यांचा व्यास मोजून लिहून ठेवा आणि एकेक बाटलीत टाका. आठ दिवसांनी काढून पुन्हा मोजा. मुलांना मग वेगळे काही सांगावे लागणार नाही. मात्र ब्रेक ऑइल विषारी असते आणि रंगही खाते. बाटल्या शिक्षकांनी स्वतःच हाताळाव्यात व झाकण लावून उंच जागी ठेवाव्यात.

ब्रेक ऑइलविषयी आणखी एक. ते हवेतील ओल शोषून घेते. डॉट ३ जातीचे कोरडे तेल निदान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळू नये, असे त्याचे मानक आहे. ओल शिरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १४० अंशांवर उतरते. म्हणून गेल्या पावसाळ्यात फोडलेला, अर्धा उरलेला डबा कितीही नामांकित असला तरी तो ओतू नये. लहान डबा घ्यावा, उरलेले टाकून द्यावे. रबरी ब्रेक नळ्यांनाही हाच न्याय. त्या बाहेरून धडधाकट दिसतात आणि आतून सुटतात. शूला लावायचे लायनर हलके असले तर थंडपणी पकडतात आणि तापले की घसरतात, म्हणजे नेमके घाटात. जाता जाता सांगतो, जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडल्यावर ती काळी धूळ तोंडाने किंवा हवेच्या नळीने फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून ते फडके फेकून द्यावे.

ब्रेकखालोखाल स्टिअरिंग. टाय रॉड एंड, किंगपिनची बेअरिंगे आणि ड्रॅग लिंक हे भाग झिजताना खेळ दाखवतात. म्हणून ते ब्रेकइतके अबोल नाहीत. पण हलक्या पोलादाचा बॉल मानेतून तुटला तर चाक आपल्या मर्जीने जाते. येथेही बनवणाऱ्याचे नाव हवेच.

ऑइल सील ही तर किती क्षुद्र वस्तू! पण मागच्या ॲक्सलचे सील गळले की गिअर ऑइल ब्रेकच्या शूवर जाते, आणि चांगले लायनर वाया जाऊन गाडी एका बाजूला खेचू लागते. सील चांगले घ्याच. परंतु नवे सीलही आठ दिवसांत गळू लागले तर लगेच दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. ॲक्सलच्या घरावर हवा बाहेर जाण्यासाठी एक लहानसे ब्रीदर असते. चिखलाने ते बुजले की आतली गरम हवा तेलाला सीलमधूनच बाहेर ढकलते. आधी ते साफ करा.

आता दुसरा विचार मजुरीचा. भाग मोडल्याने जीव जाणार नसला, तरी तेथपर्यंत पोहोचायला किती खोलावे लागते ते पाहावे. क्लच प्लेट घ्या. जीपची क्लच प्लेट बदलायची म्हणजे गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस दोन्ही उतरवायचे. दोन माणसांचा दिवस मोडतो आणि पाठही. हलकी प्लेट सहा महिन्यांत घासली तर तीच मजुरी पुन्हा. किमतीतला फरक एका मजुरीतच बुडतो. एवढे सगळे खाली उतरवलेच आहे तर रिलीज बेअरिंगही चांगले घालावे. ते जुनेच ठेवण्याची काटकसर मला कधी समजली नाही.

इंजिनाच्या हेड गॅस्केटचे उत्तर गाडीगणिक बदलते. जुन्या पेट्रोल जीपमध्ये हवा सातपटीच्या आसपास दाबली जाते. प्यूजोसारख्या डिझेल इंजिनात वीसपटीहून अधिक. पेट्रोलवर जे पॅकिंग तग धरते, तशाच दर्जाचे डिझेलवर धरील असे मानू नये. आणि फिल्टर? जुन्या कित्येक जीपांच्या एअर फिल्टरमध्ये कागद नसतोच, तेलाची वाटी असते. तेथे विकत घेण्यासारखे काही नाही. धुळीच्या दिवसांत वाटीतला गाळ काढून नवे तेल घालत राहावे, इतकेच.

मग स्वस्त माल घ्यायचा तरी कोठे? पुष्कळ ठिकाणी घ्यावा, आणि बिनदिक्कत घ्यावा. बॉनेट, मडगार्ड, फळ्या, सीट, ताडपत्री, आरसे, बिजागऱ्या, पायदान, रबरी चटया ह्यांत कंपनीच्या नावाला जादा पैसे देणे म्हणजे हौस. जीपचा पत्रा सपाट; गावचा पत्राकामवालाही तो ठोकून देतो. हरियाणातील मंडी डबवाली गावाने तर जुन्या जीपांना नवी अंगे चढवण्याच्या उद्योगावर नाव मिळवले आहे. कमानपाट्याचे एखादे पानही चांगला पाटेवाला बनवून देतो. मात्र दोन गोष्टींना मी ह्या यादीतून वगळतो. एक विजेची वायर. बारीक तांब्याची हलकी वायर तापून गाडी पेटवू शकते. दुसरी टायर. त्यावर आयएसआय खूण पाहावी, आणि कडेला छापलेले चार आकडे वाचावेत. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे १२२३ असेल तर टायर २०२३ सालच्या बाराव्या आठवड्यात बनला. नवा म्हणून विकलेला टायर सहा वर्षे गोदामात पडलेला निघाला, असे व्हायला नको.

येथवर आपण लोकल मालाला हलका म्हटले, पण चोर म्हटले नाही. आपल्या नावाने स्वस्त वस्तू विकणारा कारखानदार उजळ माथ्याने धंदा करतो. दुसऱ्याच्या नावाची डबी छापून आत भलताच माल भरणारा निराळा. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याने ह्या गुन्ह्याला सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हा सगळ्यांत वाईट सौदा, कारण येथे किंमत अस्सलची आणि माल नकली. तेव्हा डबी उघडण्यापूर्वी ती वाचा. बंद डबीवर बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, महिना-वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क छापणे बंधनकारक आहे. छपाई फिकट, स्पेलिंग चुकलेले, किंमत चिकटपट्टीवर, असे काही दिसले तर डबी परत करा. हल्ली कित्येक कंपन्या डबीवर मोबाइलने पडताळता येणारी चौकोनी खूण देतात. घरातल्या शाळकरी पोरालाही ती वाचता येते. आणि बिल घ्या. त्यावर नुसते 'ब्रेक सामान' नको, कारखान्याचे नाव व पार्ट नंबर लिहून घ्या. बिल नसेल तर उद्या ग्राहक आयोगापुढे दाखवणार काय?

काही भाग नवे मिळतच नाहीत. मग पावले मुंबईत कुर्ल्याकडे किंवा आपल्या जिल्ह्यातील भंगारवाल्याकडे वळतात. त्यात कमीपणा नाही. गिअरबॉक्सचे घर, ॲक्सलचे घर, ट्रान्सफर केसचे दात शाबूत असलेले गिअर असा जुना अस्सल माल पुष्कळदा नव्या नकलेपेक्षा टणक निघतो. फक्त रबराची कोणतीही वस्तू, ब्रेकचा कोणताही भाग आणि टायर भंगारातून उचलू नये. त्यांचे वय आपल्याला दिसत नाही.

पाटणच्या त्या मालकांनी पुढे मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि तिन्ही रबरी नळ्या ब्रेकच्या नावाजलेल्या कारखान्याच्या बसवल्या. जुन्या फुगलेल्या वाट्या एका बाटलीत घालून त्यांनी गाडीतच ठेवल्या आहेत. कोणी विचारले की काढून दाखवतात. मडगार्ड आणि दिवा मात्र त्यांनी साध्या दुकानातून आणला. मडगार्ड एका बाजूला बोटभर बसत नाही. तेथे त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी घातली आहे, आणि जीप अजून आठवड्यातून दोनदा चिपळूणला जाते.